कुत्र्याचं मशीन केस कापायचं सोडून ओढतंय? नवीन घेण्याआधी हे तपासा

तक्रार ठरलेली असते. मशीन आणलं तेव्हा झकास चाललं. पहिल्या एक-दोन वेळा पाठ, पोट, पंजे सगळं नीट झालं. मग एक दिवस पाठीवर मध्येच अडकायला लागलं, केस दातांत धरून ओढायला लागलं, कुत्रा कळवळला आणि पलंगाखाली जाऊन बसला. आवाज येतोय, चार्जिंग पूर्ण आहे, तरी केस काही कापले जात नाहीत. घरात ठरतं की स्वस्तातलं घेतलं म्हणून असं झालं, आता जरा चांगलं घेऊ. चांगलं येतं आणि पावसाळा संपेपर्यंत तेही ओढायला लागतं.

शिह त्झू, ल्हासा, पूडल अशा सतत केस वाढणाऱ्या कुत्र्यांचे केस मी घरीच कापते, आणि ओळखीपाळखीत कुणाचं मशीन रुसलं की ते आधी माझ्याकडे येतं. त्यावरून माझं मत पक्कं झालंय: ओढण्याचं कारण बहुतेक वेळा केसांत असतं किंवा ब्लेडमध्ये असतं. मोटरचा नंबर सगळ्यात शेवटी लागतो. म्हणून तपासायचंही त्याच क्रमानं. आणि नवीन घ्यायचीच वेळ आली तर आधी ब्लेड कुठलं बसतं ते बघायचं, मशीन त्यानंतर.

आधी केस

स्टीलचा कंगवा घ्या, दात कातडीला टेकतील इतका आत घाला आणि केसांच्या दिशेनं ओढा. कंगवा जिथे अडकेल तिथे मशीनही अडकणार, मग ते कितीही महागाचं असो. वरवर ब्रश फिरवला की कुत्रा छान फुललेला दिसतो, पण कातडीलगत केसांचा नमद्यासारखा घट्ट थर तसाच असतो. हा थर कानांमागे, काखेत, हार्नेसच्या पट्ट्याखाली, मागच्या मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि शेपटीच्या मुळाशी हमखास सापडतो. त्या जागा आधी बोटांनी चाचपा. चाचपताना गोचीडही हाताला लागतात. ते आधी चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ वर ओढून काढा. त्यांच्यावरून ब्लेड गेलं तर गोचीड अर्धवट तुटतो आणि तोंड कातडीत राहतं.

विंचरायचं ते थराथरानं. एका हातानं केस वर धरा, खाली कातडीची रेघ दिसू द्या, त्या रेघेपासून थोडे थोडे केस खाली सोडत स्लिकर ब्रशनं (बारीक, वाकड्या तारांचा ब्रश) मोकळे करा आणि मग त्याच जागी कंगवा फिरवून खात्री करा. शिह त्झूसारख्या कुत्र्याला याला वेळ लागतो. त्याला पर्याय नाही, आणि मशीनपेक्षा हेच काम जास्त महत्त्वाचं आहे.

मग अंघोळ. जटा तशाच ठेवून अंघोळ घातली तर त्या पाण्यानं आणखी आवळतात, म्हणून विंचरणं आधी. आणि अंघोळ न घालता मशीन लावलं तर केसांतली माती-रेती ब्लेडची धार खाते. गच्चीवर, बागेत लोळणाऱ्या कुत्र्याला तर अंघोळीशिवाय हात लावू नये. अंघोळीनंतर केस मुळापर्यंत कोरडे झाले पाहिजेत. ओलसर केस एकमेकांना चिकटून आडवे पडतात, दातांच्या मध्ये शिरतच नाहीत. मुंबई-कोकणात जुलैमध्ये टॉवेलनं पुसून हे होणार नाही. ड्रायर कमीत कमी गरम किंवा थंड हवेवर ठेवून, सोबत कंगवा फिरवत वाळवावं लागतं. जुलैमधल्या निम्म्या तक्रारी इथेच मिटतील, असं मला वाटतं.

जट सुटतच नसेल तर कात्री लावू नका. जटेबरोबर कातडीही वर ओढली गेलेली असते आणि केस कुठे संपले, कातडी कुठे सुरू झाली ते डोळ्यांना कळत नाही. काखेतल्या जटेला कात्री लावून टाके पडलेली कुत्री डॉक्टरांकडे नेहमी येतात. अशा जागी १० नंबरचं, म्हणजे दीड मिलिमीटर केस ठेवणारं ब्लेड, त्यावर लांबी वाढवणारा प्लॅस्टिकचा कंगवा (गार्ड) न लावता, कातडीला समांतर ठेवून जटेच्या खालून हळूहळू सरकवायचं. जट अख्खी सुटून येते. अंगभर जटा असतील तर घरी झटापट करू नका. ते काम सरावलेल्या ग्रूमरचं, आणि कातडी लाल किंवा ओली दिसत असेल तर डॉक्टरांचं.

मग ब्लेड

ब्लेड म्हणजे एकावर एक बसवलेली दोन पाती. खालचं स्थिर, वरचं झपाझप डावी-उजवीकडे सरकणारं. दोन्ही एकमेकांना घट्ट घासून चालली तरच केस कातरला जातो. मध्ये केसांचा भुगा साठला, मळ धरला, तेल वाळून चिकट झालं की वरचं पातं किंचित उचललं जातं. फट डोळ्यांना दिसतही नाही, पण मऊ बारीक केस त्या फटीत दुमडतो आणि कातरला जायच्या ऐवजी ओढला जातो. पाठीचे राठ केस कापले जातात आणि पोटाचे, कानांचे मऊ केस ओढले जातात, असं दिसलं तर निदान झालंच समजा.

निघणारं ब्लेड असेल तर ते मशीनवरून काढा आणि उलटं धरून बघा. वरचं पातं अंगठ्यानं एका बाजूला अर्धं सरकवा, स्प्रिंगखालून पूर्ण बाहेर काढू नका. आत केसांचा दाबून बसलेला राखाडी पट्टा दिसेल. जुन्या टूथब्रशनं तो झाडा, मग पातं दुसऱ्या बाजूला सरकवून तिथलाही झाडा. पात्याच्या मागच्या बाजूला जी खाच असते, तिच्यात भुगा सगळ्यात जास्त बसतो आणि तीच जागा साफ करायची राहून जाते. मग दातांच्या ओळीवर दोन-तीन थेंब, दोन्ही कडांना एकेक आणि त्या मागच्या खाचेत एक, असं तेल सोडा, मशीन काही सेकंद चालवा, वर आलेलं काळं तेल फडक्यानं पुसून घ्या. हे दर वेळी, सुरू करण्याआधी आणि संपल्यावर. मोठं काम असेल तर मध्येही एकदा.

तेल कुठलं? मशीनबरोबर येतं ते पातळ मिनरल ऑइल असतं. ते संपल्यावर शिलाई मशीनचं पातळ, बिनवासाचं तेल चालतं. खोबरेल मात्र नको. थंडीत ते गोठतं, एरवी केसांचा भुगा धरून चिकट होतं, आणि नेमकं तेच घराघरांत हाताशी असल्यामुळे वापरलं जातं. रॉकेलमध्ये ब्लेड बुडवून चालवायची सवय काहींना असते, तीही सोडा. ते पेट घेतं आणि ब्लेडवर राहिलेलं कुत्र्याच्या कातडीला झोंबतं. नवंकोरं ब्लेडसुद्धा धुऊन-पुसून, तेल घालूनच वापरायचं, कारण गंजू नये म्हणून त्यावर कारखान्यातून एक लेप दिलेला असतो. नवं ब्लेड पहिल्याच दिवशी अडखळलं तर कारण बहुधा हेच.

एवढं करूनही कापलेल्या जागी पट्टे-पट्टे उमटत असतील तर आधी हात सावकाश चालवून बघा. हात मशीनपेक्षा वेगानं पुढे गेला की पट्टे येतात. सावकाश चालवूनही आले तर धार गेली. इथे एक गोष्ट कळकळीनं सांगते: दारावर सुऱ्या-कात्र्यांना धार लावणाऱ्याकडे हे ब्लेड देऊ नका. या पात्यांचे पृष्ठभाग मुद्दाम किंचित खोलगट घासलेले असतात, म्हणजे दातांची टोकं आणि मागची कडा एवढंच एकमेकांना टेकतं. साध्या सहाणेवर तो खोलगटपणा जातो आणि ब्लेड कायमचं वाया जातं. त्याला वेगळी सपाट फिरती चकती लागते आणि दोन्ही पाती जोडीनं घासावी लागतात. जवळच्या ग्रूमिंग पार्लरमध्ये किंवा प्राण्यांच्या दवाखान्यात विचारा, त्यांची ब्लेडं कुठे जातात ते. ब्लेड खाली पडून एखादा दात तुटला असेल तर मात्र ते टाकूनच द्या. त्या खिंडीत कातडी शिरते आणि चिरते. वरचं पातं सिरॅमिकचं असेल तर ते तापतं कमी, पण फरशीवर पडलं की फुटतं.

शेवटी मशीन

इथे एकच चाचणी पुरते. दुसरं, चांगलं माहीत असलेलं ब्लेड त्याच मशीनला लावा आणि नीट विंचरलेल्या पाठीवर चालवा. व्यवस्थित कापलं तर दोष जुन्या ब्लेडचा. नव्या ब्लेडनंही ओढलं तर मशीनच्या तोंडाशी जो छोटा प्लॅस्टिकचा भाग वरचं पातं हलवतो, तो झिजलेला असतो. तो झिजला की पातं पूर्ण टोकापर्यंत सरकत नाही, आवाज मात्र खडखडीत येत राहतो. तो भाग सुटा मिळतो आणि एक-दोन स्क्रू काढून घरी बदलता येतो. ब्लेड जिथे चापासारखं बसतं ती बिजागरी ढिली झाली तरी अशीच लक्षणं दिसतात.

बिनवायरच्या मशीनमध्ये बॅटरीही बघा. सुरुवातीला चांगलं कापतं आणि थोड्या वेळानं ओढायला लागतं, पण ब्लेड गरम नाही, घाण नाही, तर चार्ज उतरला की मोटरचा वेग पडतोय. जुन्या बॅटरीत हे अगदी लवकर होतं.

अमेरिकेहून कुणीतरी आणून दिलेलं मशीन हा आपल्याकडचा वेगळाच प्रकार. तिकडचं मशीन ११०-१२० व्होल्टचं असतं, इथे २३० व्होल्ट. नुसता पिनेचा अडॅप्टर लावून ते सॉकेटमध्ये घातलं की जळतं. मशीनच्या स्वतःच्या चार्जरवर १००-२४० व्होल्ट छापलेलं असेल तर बिनधास्त वापरा. नसेल तर ट्रान्सफॉर्मर लागेल, पण तो फक्त व्होल्टेज उतरवतो. विजेची फ्रिक्वेन्सी तिकडे ६० हर्ट्झ, इथे ५०, ती तशीच राहते. थरथरणाऱ्या चुंबकी मोटरच्या मशीनचा वेग थेट फ्रिक्वेन्सीवर असतो: तिकडे मिनिटाला ७२०० वेळा हलणारं पातं इथे ६००० वेळाच हलतं, आणि कधी कधी मशीन कर्कश खडखडतं. अशा मशीनच्या बाजूला एक स्क्रू असतो. खडखडाट थांबेपर्यंत तो जरासा फिरवायचा आणि तिथेच सोडायचा.

घ्यायचंच असेल तर

पहिला प्रश्न स्वतःला विचारा: आपल्या कुत्र्याला मशीन लागतं का? लॅब्राडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड, हस्की, पॉमेरेनियन यांना दुहेरी केस असतात, वर राठ आणि आत मऊ दाट. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे पारा चढला की लोक मायेपोटी लॅबचं मुंडण करतात, आणि मला ते बघवत नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकून अंग थंड ठेवतो, त्यामुळे केस काढून त्याला आपल्यासारखा गारवा मिळत नाही. उलट कातडी उन्हात उघडी पडते, आणि काहींचे केस नंतर ठिगळं पडल्यासारखे येतात किंवा बराच काळ येतच नाहीत. या कुत्र्यांचे आतले सुटलेले केस रेकनं (लांब, विरळ दातांचा कंगवा), ब्रशनं काढा. मशीन फक्त पंजाच्या गाद्यांमधले केस आणि शेपटीखालची जागा यासाठी. गावठी कुत्रा किंवा गुळगुळीत अंगाचा कारवान असेल तर रबरी ब्रश पुरतो.

तेवढंच काम असेल, म्हणजे पंजे आणि शेपटीखालची जागा, तर ऑनलाइन मिळणारं हजार-दीड हजाराचं मशीन चालेल. त्यावर केसांची लांबी ठरवणारी ०.८ ते २ मिलिमीटरची फिरकी असते आणि ३, ६, ९, १२ मिलिमीटरचे प्लॅस्टिकचे गार्ड येतात. मात्र अख्खा शिह त्झू त्यानं कापायला जाऊ नका. आणि दाढीचा ट्रिमर तर नकोच. कुत्र्याच्या एकेका रंध्रातून अनेक केस येतात, ती दाटी त्या बारीक दातांना आणि चिमुकल्या मोटरला झेपत नाही.

अंगभर केस कापायचे असतील तर ए-५ पद्धतीचं, चापासारखं निघणारं ब्लेड बसणारं मशीन घ्या. अँडिस, ऑस्टर, वॉल या कंपन्यांची या पद्धतीची ब्लेडं एकमेकांच्या मशीनला बसतात, म्हणून एकाची मिळाली नाहीत तर दुसऱ्याची घेता येतात. मशीन महाग पडतं, पण धार गेली की ब्लेड बदलायचं, मशीन नाही. ज्या मशीनचं ब्लेड सुटं मिळतच नाही ते पहिली धार जाईपर्यंतच तुमचं. घेण्याआधी दुकानदाराला दोनच गोष्टी विचारा: याचं ब्लेड आणि तोंडाचा प्लॅस्टिकचा भाग तुमच्याकडे आत्ता आहे का? गोलमाल उत्तर आलं तर पुढे चला.

ब्लेडचे नंबर उलटे चालतात, नंबर मोठा तितके केस आखूड. ४एफ साडेनऊ मिलिमीटर केस ठेवतं, ५एफ सव्वासहाच्या आसपास, ७एफ तीन-सव्वातीन, १० नंबर दीड मिलिमीटर. ३० नंबर अर्धा मिलिमीटर आणि ४० नंबर पाव, जे डॉक्टर शस्त्रक्रियेआधी वापरतात. घरी ४०ची गरज नाही. शिह त्झूचा गोबरा आखूड कट हवा तर ५एफ किंवा ४एफ, आणि पंजे, पोट, शेपटीखाली १०. ही दोन ब्लेडं घेतली की घरचं काम भागतं. ४, ५, ७ नंबरांत ‘एफ’ असलेलंच घ्या. त्याचे सगळे दात सारखे असतात. एक लांब-एक आखूड दातांचं ब्लेड दाट केसांत भराभर शिरतं खरं, पण कानाची कड आणि कातडीची घडीही तितक्याच सहज पकडते. केसांच्या उलट दिशेनं चालवलं तर कुठलंही ब्लेड आणखी आखूड कापतं, हे लक्षात ठेवा. मोटरचा वेग, वॉट वगैरे खोक्यावरचे आकडे मी फार मनावर घेत नाही. हातात धरून बघा, वजन पेलतंय का आणि चालू केल्यावर तळव्याला मुंग्या येताहेत का. भित्र्या कुत्र्यासाठी आवाज कमी असणं मात्र खरंच मोलाचं आहे. असं कुत्रं असेल तर मशीन आधी काही दिवस बंदच त्याच्याजवळ ठेवा, खाऊ द्या, मग लांबून चालू करा. घाई केली तर ती भीती वर्षानुवर्षं जात नाही.

लाल पडलं, चिरलं

चालत्या ब्लेडमध्ये लोखंडावर लोखंड घासतं, ते तापतंच. दर काही मिनिटांनी ते आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवून बघा. आपल्याला चटका जाणवला तर कुत्र्याला तो आधीच बसलेला आहे, कारण त्याची कातडी आपल्यापेक्षा पातळ असते. तापलं की ब्लेड काढून फरशीवर पालथं ठेवा आणि दुसरं लावा. दुसरं नसेल तर तेवढा वेळ थांबा, तोवर कंगवा फिरवा.

कापून झाल्यावर कुत्रा एकच जागा चाटत बसला, जमिनीला ढुंगण घासायला लागला, किंवा पोटावर-जांघेत लाल ठिपके दिसले तर ब्लेडनं भाजलंय. गार पाण्याची ओली घडी ठेवा आणि चाटू देऊ नका, गरज पडली तर गळ्यात कोन घाला. बाळाच्या डायपर रॅशची क्रीम लावू नका. तसल्या क्रीममध्ये बऱ्याचदा झिंक ऑक्साइड असतं आणि ते चाटून पोटात गेलं तर कुत्र्याला विषबाधा होते. दुसऱ्या दिवशी जागा ओली, सुजलेली दिसली तर डॉक्टरांकडेच न्या.

चिरतं ते ठरावीक जागी: काख, मांडी जिथे पोटाला मिळते ती सैल घडी, स्तनाग्रं, कानाची कड, मागच्या घोट्यामागची शीर. या जागी एका हातानं कातडी ताणून सपाट करायची आणि ब्लेड आडवं, पूर्ण पाठीवर टेकवून चालवायचं. टोक खाली रोवलं की कातडी दातांत आलीच.

पावसाळ्यात ठेवताना

बाथरूममध्ये किंवा खिडकीशी ठेवलेलं ब्लेड दोन महिन्यांत तांबूस ठिपके धरतं, किनाऱ्याच्या गावांत त्याहून लवकर. काम झालं की झाडून, पुसून, तेल घालून, तेलात जरासं ओलसर केलेल्या कापडात गुंडाळा आणि झाकणाच्या डब्यात ठेवा. बुटांच्या खोक्यातून किंवा औषधाच्या बाटलीतून येणारी सिलिका जेलची पुडी त्यात टाका, पण डबा कुत्र्याच्या तोंडाला लागणार नाही असा. वरवरचा गंज टूथब्रश आणि तेलानं निघतो. दातांच्या टोकांवर गंजानं खड्डे पडले असतील तर ते धार लावूनही पूर्ण सुधारत नाही, नवं ब्लेड आणा.